पडवीचं मे महिन्यातलं माप

त्या मे महिन्यात आमच्या घरात तीन आकड्यांखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. साडेआठ, दहा आणि बारा. चहाला बसलं की साडेआठ, जेवायला बसलं की दहा, आणि मी दुपारची जरा पाठ टेकली की शेजारून बारा. हे आकडे इंचांचे. लाकूड कापायच्या एका यंत्राचं पातं किती मोठं असावं, एवढाच प्रश्न होता. त्या यंत्राला स्लायडिंग मायटर सॉ म्हणतात, हे मला या वयात शिकावं लागलं, आणि शिकायची मला मुळीच हौस नव्हती. शाळेला सुट्टी लागली होती, पेपर तपासून झाले होते, निकाल लागले होते, आणि मला नुसतं पडून राहायचं होतं.

हौस होती ती आमच्या यांना. हे सुतार. लग्न झालं तेव्हा गावात दारांच्या चौकटी करायचे. मुलगी रांगायला लागली तेव्हा मस्कतला गेले आणि वीस-बावीस वर्षं तिथल्या एका दारं-खिडक्यांच्या कारखान्यात राहिले. दर वर्षी मे महिन्यात रजा. आंबे, लग्नं, नातेवाईक, आणि मिरगाच्या पावसाआधी परत. रत्नागिरीत समुद्राकडे पाठ करून हे चिऱ्याचं घर उभं राहिलं ते यांच्या पैशानं, पण उभं केलं मी, प्राथमिक शाळेतली नोकरी सांभाळून. फोनवरून सूचना यायच्या. चिरा अमक्या खाणीचा आण, खिडकी तिथं नको इथं ठेव. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि यांच्याकडे तर उंटही होते.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास कंपनीनं जुन्या माणसांना घरी पाठवलं आणि हे कायमचे आले. कायमचे, असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. सुरुवातीचे दिवस बरे गेले. घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल मिळालं, न लागणारी दारं लागायला लागली, देव्हाऱ्यासाठी फणसाचा नवा पाट झाला. मग करण्यासारखं काही उरलं नाही आणि हे ओटीवर बसायला लागले. मी शाळेत जाताना बसलेले, मी परत येते तेव्हाही बसलेले. ज्या माणसानं कधी जेवणसुद्धा निवांत केलं नाही, त्याला असं बसलेलं बघवत नाही. बरं, नुसते बसतील तर शपथ. पंखा कशाला चालू ठेवलास, भात असा मोकळा का झाला, गॅसचं बटण असं फिरवायचं. बावीस वर्षं मी एकटीनं हे घर चालवलं आणि आता मला गॅसचं बटण फिरवायला शिकवणारा कोणी आला होता. मी थकून जायचे. शाळेतल्या साठ पोरांपेक्षा हा एक माणूस जड व्हायला लागला.

शिमगा झाला आणि मस्कतच्या जुन्या मुकादमाचा फोन आला. नवीन मोठं काम निघालंय, जूनमध्ये या, तिकीट आम्ही पाठवतो, मे संपायच्या आत कळवा. हे म्हणाले, बघतो. त्या दिवसापासून यांनी पडवीत कारखाना काढायचं मनावर घेतलं. इथं काम उभं राहिलं तर राहणार, नाही तर जाणार, असं ते तोंडानं म्हणाले नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची सवय जुनी. पण मला सगळं दिसत होतं. ते यंत्र नीट बसलं तर माझा नवरा घरी, नाही बसलं तर पुन्हा विमानात. आणि मला काय हवं होतं, तर हे राहायला हवे होते. गॅसच्या बटणासकट.

म्हणून मी त्या यंत्राच्या भानगडीत पडले. बाजारात हत्यारांचं एक मोठं दुकान आहे, तिथं आम्ही दोघं गेलो. दुकानात दहा इंची यंत्र मांडून ठेवलेलं होतं, बाकीची दोन दुकानदारानं मोबाइलवर दाखवली. मला जेवढं कळलं ते असं. पातं खाली येतं आणि दांड्यांवरून पुढं-मागं सरकतंही, त्यामुळे फूटभर रुंद फळी लहान यंत्रसुद्धा आरपार कापतं. मोठ्या पात्याचा फायदा जाडीला. साडेआठवाल्याखालून अडीच इंचांचं लाकूड जाईल, बारावाल्याखालून चार इंचांचं. तिरपं, काटकोनात, पंचेचाळीसच्या कोनात कापायला सगळी सारखीच.

“बाराचाच घेवाचा,” हे म्हणाले. “चार इंची चौकट एका फटक्यात कापली पायजे. उलटी करून, परत सुलटी करून कापीत बसायचा, ता सुताराचा काम नाय.”

“वजन किती?” मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, बारावालं भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं, लहान त्याच्या निम्मं. मी विचारलं कारण आमच्याकडे लोखंड रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी त्याला गंज धरतो. समुद्राचा वारा खिळ्यालासुद्धा सोडत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी ते यंत्र उचलून आत ठेवणं आलं. यांच्या कमरेत गेल्या वर्षापासून उसण भरते. मग उचलणार कोण, हे मी बोलले नाही, पण मनात सिलिंडर उचलून पाहिला. मुलगी पुण्याला असते, तिनं फोनवरूनच निकाल दिला. “आई, दहा घ्या ना. मधलं बरं असतं.” लहानपणापासून तिचा प्रत्येक प्रश्नाचा निकाल मधलाच. आम्ही काही न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेप आणि खडू घेऊन पश्चिमेच्या पडवीत उतरले. पडवी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून गुडघ्याएवढ्या कठड्यापर्यंतची अरुंद जागा. एका टोकाला न्हाणी. कठड्यापलीकडे परस, मग उतार, आणि खाली लांब समुद्र. मी तिथंच आमसुलं वाळत घालत होते. लख्ख उजेड आत येत होता, वारा होता, पडवी एखाद्या गच्चीसारखी मोठी दिसत होती.

यांनी जमिनीवर खडूनं चौकोन काढला. “टेबल हय, कठड्याला चिकटून. मी हय उभा. नि दांड्या जातील मागं, दीड-पावणेदोन फूट.”

“मागं कुठं?”

“मागं काय, मोकळा हाय.” यांनी परसाकडे हात केला. “कठड्याच्या वरना भायेर जातील. बाराचा आरामात बसतो बग.”

“तिथं झापं येतात,” मी म्हटलं.

“चिऱ्याच्या घराला कसली झापा?”

“नारळाच्या झावळ्यांची. पावसात. कठड्याच्या वर पार वाशांपर्यंत बांधायची असतात, नाहीतर झड सरळ चुलीपर्यंत येते.”

यांनी टेप मिटली. “किती दिवस असतात?”

मी हातातलं आमसूल परातीत टाकलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. प्रश्न साधाच होता. मुंबईहून आलेला एखादा पाहुणा विचारतो ना, तुमच्याकडे लाइट जाते का हो, तसा. आपल्याच घराबद्दल हा माणूस मला हे विचारत होता आणि यात त्याची काही चूकही नव्हती. घर बांधून इतकी वर्षं झाली, पण यांनी ते एकदाही पावसाळ्यात पाहिलं नव्हतं. यायचे मे महिन्यात, जायचे मिरगाच्या आधी. यांच्या डोक्यातलं घर कायम सुकं, उघडं, उजेडाचं. आमच्याकडे अशी घरं किती निघतील. मस्कतला, कुवेतला, बोटींवर असलेले पुरुष आपापल्या खोलीत रात्री डोळे मिटून आपलं घर बघतात, आणि प्रत्येकाच्या त्या घरात मे महिनाच असतो.

“मिरगाआधी बांधायची, दसऱ्याला सोडायची,” मी सांगितलं.

“मी दसऱ्यालाच आल्लो. मना दिसली नाय.”

“तुम्ही यायच्या आदल्या दिवशी सोडली. म्हटलं, घर मोकळं दिसू दे.”

मग यांनी डोकं चालवायला सुरुवात केली. टेबल पुढं ओढू या, तर उभं राहायला जागा उरेना. यंत्र उलटं फिरवू या, दांड्या घराकडे, तर त्या मागच्या दारात येत होत्या आणि न्हाणीत जायला मला रोज त्यांच्याखालून वाकून जावं लागणार होतं. परसात पत्र्याची शेड घालू या, तर पावसाच्या तोंडावर गवंडी कुठला मिळायला, आणि उतारावर आधी चिऱ्याचं जोतं हवं. ओटीवर मांडलं तर भुसा देवापर्यंत. प्रत्येक वेळी हे खडूनं नवा चौकोन काढायचे आणि प्रत्येक वेळी मी सांगायचे, इथून पाणी येतं, इथं कपडे वाळतात, इथं लाकडं ठेवते. मला स्वतःचाच कंटाळा आला. जमिनीवर इतके चौकोन झाले की पोरींनी लंगडी घालत ठिकरी खेळायला यावं.

शेवटी यांनी खडू परसात भिरकावला. “मग मस्कतच बरा,” म्हणाले. पुटपुटले, पण मी ऐकलं.

मला राग आला. थकलेल्या माणसाचा राग वाईट असतो, त्याला ओरडायचंही त्राण नसतं. मी परात उचलून आत ठेवली, माळ्यावर शिडी लावली आणि गेल्या वर्षीची झापं खाली टाकायला लागले. धुळीनं नाक भरलं.

“ह्या काय चाललाय?” हे शिडीखाली उभे.

“बांधते झापं. आज. पावसातली पडवी किती असते ती बघा आणि मग घ्या माप.”

अर्धी झापं चुरा झालेली निघाली. पलीकडच्या घरातल्या चाचींकडे नवीन विणलेली होती. चाचींचा नवरा बोटीवर खलाशी होता, तो वारून बरीच वर्षं झाली. त्या अजूनही रोज दारात बसून झापं विणतात. मिरकरवाड्याचे मच्छीमार पावसाळ्यात होड्या ओढून झाकून ठेवतात, त्यांनाही चाचींचीच झापं जातात. मी चार मागायला गेले तर त्या माझ्याबरोबरच आल्या, मजा बघायला.

“वैशाखात झापा?” चाची कठड्यावर टेकत म्हणाल्या. “अगो बाय, उनाचा फटका बसला काय गो तुला?”

“यांना पाऊस दाखवायचाय,” मी म्हटलं.

चाचींनी यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमचा पण असाच होता. दर खेपेला उन्हाळ्यातच यायचा नि बोलायचा, आपल्या घरात उजेड किती हाय. मी बोलायची, व्हय, हाय खरा.” त्या हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, “शेवटपर्यंत त्याना आमचा पाऊस बगितला नाय.”

आम्ही कामाला लागलो. वाशांना खिळे ठोकलेले आहेत, त्यात सुंभ अडकवायचं, खालचं झाप आधी, मग त्याच्यावर चढवून वरचं. एवढे मोठे सुतार, पण कुठला खिळा कुठं आहे ते यांना सापडेना. मी न बघता हात घालत होते.

“हे खिळे कोणी मारलेन?”

“मी.”

“वाकडे हत.”

“असतील. एका हातानं झाप धरून दुसऱ्या हातानं मारलेत.”

यांनी पुढचं झाप उचललं. चाची मधूनमधून सांगत होत्या, अरे तिकडना ओढ, अरे तसा नाय, आणि हे मुकाट्यानं ऐकत होते, जसे मस्कतला नवीन गेलेल्या वर्षी ऐकत असतील. शेवटचं झाप वर चढलं तशी पडवी बदलली. समुद्र गेला, परस गेलं, वारा गेला. बाहेर कडक ऊन होतं आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. ओल्या झावळीचा आंबूस वास पसरला. चाची म्हणाल्या, चला, माझा भात राहिलाय, आणि निघून गेल्या.

हे दाराच्या उंबऱ्यावर बसले. मी न्हाणीच्या पायरीवर बसले. खडूचे चौकोन दिसेनासे झाले होते.

“कपडे कुठं सुकतात?” यांनी विचारलं.

“इथंच. चार-चार दिवस.”

“लाकडा?”

“इथंच.”

“नि तू?”

“मीपण इथंच. आणखी कुठं जाणार? दिवसभर शाळेत, संध्याकाळी इथं. बल्ब लावला की किडे येतात म्हणून लावत नाही.”

हे घाम पुसत राहिले. मग म्हणाले, “मना फोनवर कधी बोल्ली नायस.”

तेव्हा माझ्या तोंडातून ते निघालं. ठरवून नव्हतं. “फोनवर काय बोलायचं? अंधार आहे म्हणून? तुम्ही काय तिथून उजेड पाठवणार होतात? तुम्ही विचारायचात, सगळं ठीक? मी म्हणायची, ठीक. तुम्ही यायचात तेव्हा खरंच ठीक असायचं सगळं. घर झाडलेलं, झापं उतरवलेली, आंबे पिकलेले, मी नवीन साडीत. मला त्या मे महिन्यातल्या नवऱ्याचा कंटाळा आलाय. पाहुण्याचं करता करता दमले मी. मला पावसाळ्यात घरात असणारा माणूस पाहिजे. चिडका असला तरी चालेल.”

एवढं बोलून मला लाज वाटली. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. मी उठून आत गेले आणि उगीचच डाळ निवडायला घेतली. ती आधीच निवडलेली होती.

बऱ्याच वेळानं मागून टेपचा आवाज आला. हे मोबाइलचा टॉर्च लावून तो दातांत धरून त्या अंधारात माप घेत होते. झापापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत. नंतर स्वयंपाकघरात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “साडेआठाचा. त्याला मागं फूटभर लागतो. टेबल थोडा पुढं घेतला तर झाप सोडून बसतो.”

“आणि चार इंची चौकट?”

“कापीन उलटी-सुलटी करून,” म्हणाले. तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं.

मी जास्त काही विचारलं नाही. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, ज्या माणसानं इतकी वर्षं मोठं यंत्र चालवलं त्याला मी माझ्या अंधारात आणून बसवलं आणि लहान यंत्र घ्यायला लावलं. लहान यंत्रावर असा माणूस किती दिवस राहील? मुकादमाला अजून कळवलेलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. यांनी आपणहून विषय काढला नाही आणि मीही नाही.

झापं तशीच राहिली. आता बांधलीच आहेत तर सोडता कशाला, असं म्हणून हे अंधारातच वावरायला लागले. येणारे-जाणारे हसायचे. पाऊस यांच्या घरी आधी पोचला, अशी वाडीत चेष्टा झाली.

यंत्र कोल्हापूरहून आलं. खोका उघडल्यावर मी आधी ते उचलून पाहिलं. जड होतं, पण उचललं गेलं. दोन पावलं नेऊन परत ठेवलं. हे हसले आणि म्हणाले, बस, पास झालीस. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. माझ्या मनात चाललेलं वेगळंच होतं. हे नसताना ते आत-बाहेर करायचं झालं तर मला जमेल, असा माझा हिशेब चालला होता. सवय इतकी वाईट.

त्यात आदल्याच दिवशी यांनी माळ्यावरून मोठी बॅग खाली काढली होती. मस्कतची ती निळी बॅग. मी आंघोळ करून येते तो ती पलंगावर उघडी. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि वेणी घालायला बसले. बावीस वर्षं त्या बॅगेच्या चेनचा आवाज म्हणजे यांचं निघणं.

मग यांनी काम सुरू केलं. एक टेबल, त्यावर यंत्र, शेजारी पातळ पट्ट्यांचा ढीग. मला वाटलं कोणाच्या तरी खिडकीच्या जाळ्या असतील. दिवसभर तो आवाज, मग घरभर भुसा, मग यांचं खोकणं. मी केर काढायची, परत भुसा. तीन दिवसांत चौकटी दिसायला लागल्या. उंच, अरुंद चौकटी, त्यात झापं ताणून बसवलेली, वर हुकासारखे दोन-दोन आकडे. वाशाला नुसती अडकवायची. सुंभ नको, शिडी नको.

मी त्यातली एक उचलून पाहिली. हलकी होती. हे पाठमोरे उभे होते, पट्टीवर पेन्सिलीनं खूण करत.

“अशी केलीय,” हे म्हणाले, “की एका माणसाला लावता येतील. दुसऱ्याचा हात लागाचा नाय.”

मला सगळं कळलं. माझ्यासाठी सोय करून चालले होते. गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवून जावं तसं. लहान यंत्र, हलकी झापं, एकटीला जमेल असं घर. म्हणजे बॅग निघाली ती उगीच नव्हती. मी चौकट भिंतीला टेकवली.

“तिकीट कधीचं आलंय?” मी विचारलं.

“कसला तिकीट?”

“मस्कतचं.”

हे वळले. कानावर पेन्सिल होती, भुवयांवर भुसा होता. “मुकादमाला मी नाय म्हणून सांगितला.”

“कधी?”

“त्याच दिवशी. झापा बांधली त्या दिवशी. तू डाळ निवडीत होतीस.”

“आणि बॅग?”

“बॅगेत माझे लाकडा आवळायचे क्लॅम्प होते गो. आता हय लागतील ना. नि ह्या चौकटी मी लावणार हाय, तू नाय. तुझे खिळे मना सापडत नाय म्हणून आकडे केले.”

मी म्हटलं, “मला सांगायला काय झालं होतं? इतके दिवस?”

“तू इचारलास नाय.”

बरोबर होतं. बावीस वर्षं दर मे महिन्यात, आल्यापासून आठवड्याच्या आत मी विचारायची, कधी निघायचंय? पिशव्या भरायच्या असायच्या, आंबे बांधायचे असायचे, म्हणून विचारावं लागायचं. यंदा एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची ताकदच उरली नव्हती माझ्यात. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आलं नाही. मी तिथंच खाली भुशात बसले आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, पोरांसारखं.

हे घाबरले. त्यांना काय करावं कळेना. आधी पाणी आणतो म्हणाले, मग गेले नाहीत. चाचींना बोलावू का म्हणाले. असे काही बघत होते माझ्याकडे, की जणू मी एखाद्या अनोळखी भाषेत बोलतेय. आणि रडता रडता माझ्या ध्यानात आलं, यांनी मला रडताना कधी पाहिलंच नव्हतं. मी रडायची ती नेहमी गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर, दार लावून घेऊन. यांच्यासमोर रडायला मला कधी वेळ मिळाला नव्हता.

यांनी यंत्राचा प्लग काढला, कानावरची पेन्सिल टेबलावर ठेवली आणि खाली, माझ्या शेजारी येऊन बसले.